टीव्ही ट्यूनर, गच्चीवरची छत्री आणि आईसाठी रेकॉर्डिंग: नागपूरच्या एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. ताईंचं घर मनीषनगरला. आईला सह्याद्री वाहिनीवरचे सकाळचे कार्यक्रम दुपारी निवांत बघायचे असतात, म्हणून रेकॉर्डिंग हवं आहे. घरात जुन्या कॉम्प्युटरमधलं २००७च्या सुमाराचं टीव्ही ट्यूनर कार्ड आहे, भावानं अमेरिकेहून आणलेला एक यूएसबी ट्यूनर आहे, खोक्यावर ‘डिजिटल ट्यूनर’ छापलेला नवा टीव्ही आहे, हॉलमध्ये केबलचा डबा आहे आणि गच्चीवर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, छत्री आहे. त्यांना विचारायचंय की ट्यूनर नेमकं करतो काय, यातलं कामाचं काय, आणि एक चॅनल बघताना दुसरं रेकॉर्ड होतं का.

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. जुनं कार्ड आणि अमेरिकेचा ट्यूनर, दोन्ही बाजूला ठेवा. तुमचं काम गच्चीवरच्या छत्रीवरच होणार आहे. एक बघत दुसरं रेकॉर्ड करणं काही वेळा एकाच ट्यूनरवर जमतं, काही वेळा दोन ट्यूनर असल्याशिवाय जमत नाही. तुमच्या घरात मात्र ते सहज जमेल, कारण केबल आणि छत्री अशा दोन वेगळ्या वाटा आधीच आहेत. हे असं का, ते कळायला ट्यूनरच्या पोटात डोकावावं लागेल.

जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही उघडला की बोर्डाच्या कडेला, अँटेनाच्या सॉकेटला जोडूनच, दोन-अडीच इंचांचा एक पत्र्याचा डबा दिसतो. तोच ट्यूनर. झाकण काढलं तर आत तांब्याच्या तारेच्या बारीक बारीक गुंडाळ्या असतात, आणि त्यांना हात लावायचा नसतो. एक वेटोळं जरी दाबलं गेलं तरी चॅनल जागचं हलतं. अँटेनाच्या वायरमधून सगळ्या लहरी एकदम येतात: दूरदर्शन, आकाशवाणीचं एफएम, वायरलेस, शेजारच्या मिक्सरची खरखर, सगळंच. त्यातून फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा निवडायचा आणि बाकीचं बाहेर ठेवायचं, एवढंच ट्यूनरचं काम.

हे तो करतो कसं, ते एका उदाहरणावरून बघा. व्हीएचएफचा ५ नंबरचा चॅनल १७४ ते १८१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतो आणि त्याचं चित्र १७५.२५ मेगाहर्ट्झवर असतं. ट्यूनर आतल्या आत २१४.१५ मेगाहर्ट्झची स्वतःची एक लहर तयार करतो आणि दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतो. मिसळल्यावर त्यांच्यातला फरक बाहेर पडतो: ३८.९ मेगाहर्ट्झ. दुसरा चॅनल हवा असेल तर आतली लहर तेवढी वरखाली करायची, फरक पुन्हा ३८.९ च येतो. म्हणजे पुढच्या सगळ्या सर्किटला आयुष्यभर एकाच फ्रिक्वेन्सीवर काम करायचं असतं. चॅनल कुठलाही असो, बदलते ती फक्त ट्यूनरच्या आतली लहर. रेडिओच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती आजच्या टीव्हीतही, रूप बदलून का होईना, वापरात आहे.

आतली लहर वरखाली होते ती व्होल्टेजनं. ट्यूनरच्या एका पिनवर शून्यापासून साधारण तीस-तेहतीस व्होल्टपर्यंतचा दाब दिला जातो आणि त्या दाबाप्रमाणे आतल्या खास डायोडची धारिता (वीज साठवायची क्षमता) बदलते. ‘चॅनल लावला की पाच मिनिटं नीट दिसतो, मग हळूहळू सरकतो’ अशी तक्रार घेऊन माणूस माझ्याकडे दुरुस्तीला आला, की ट्यूनर बदलायच्या आधी मी ते ३३ व्होल्ट स्थिर ठेवणारं छोटं दोन पायांचं आयसी तपासायचो. गरम झालं की ते ढिलं पडायचं आणि चॅनल वाहत जायचा. किरकोळ किमतीचा भाग. त्यापायी लोकांनी अख्खे ट्यूनर बदलून घेतलेले मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतो: अजून कोणाकडे जुना टीव्ही चालू असेल तर हे आधी बघून घ्या.

त्या काळी एक लहर म्हणजे एक चॅनल असा सरळ हिशोब होता. सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी माणसं ओळखू यायची. सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शन केंद्राचा सिग्नल घ्यायला गच्चीवर चढून ॲल्युमिनियमचा अँटेना फिरवायचा आणि खालून कोणीतरी ‘आलं, आलं, थांब’ म्हणायचं, हे नागपुरात घरोघरी झालं आहे. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की आडव्या रेषा पडद्यावर उमटायच्या. चित्र बिघडायचं, पण जायचं नाही.

तुमचं २००७चं कार्ड त्याच जगातलं आहे. त्याच्यावरही तसाच पत्र्याचा डबा असेल, आणि शेजारी चित्राचे आकडे करणारी एक चिप. केबलची वायर थेट त्याला जोडली की शंभराच्या आसपास चॅनल दिसायचे. रेकॉर्डिंगचं खरं ओझं मात्र कॉम्प्युटरवर पडायचं. स्वस्त कार्डं कच्चं चित्र पुढे ढकलायची आणि ते दाबून फाइल करायचं काम प्रोसेसरला करावं लागायचं; मध्येच दुसरं काही उघडलं की चित्र अडखळायचं. महाग कार्डांवर हे काम करणारी वेगळी चिप असायची. सीताबर्डीच्या दुकानांत कॉम्प्युटरशिवाय चालणारे, मॉनिटरला जोडायचे ट्यूनरचे डबेही मिळायचे. वसतिगृहातल्या पोरांत त्यांची फार चलती होती.

मग ते कार्ड बाद कसं झालं? केबलचं डिजिटलीकरण झालं म्हणून. दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यात नागपूर होतं, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर केबलच्या वायरमधून त्या कार्डाला कळेल असा सिग्नल येणं बंद झालं. दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटरही २०२१-२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. कार्ड बिघडलेलं नाही, त्याला ऐकू येईल असं बोलणारं आता कोणी उरलं नाही. त्याच्यावरचं पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचं इनपुट तेवढं अजून कामाचं आहे, त्याकडे पुढे येतो.

आता मुख्य गोष्ट, जी ना दुकानदार सांगत, ना माहितीपत्रकात लिहिलेली असते. डिजिटलमध्ये ट्यूनर जे पकडतो ते चॅनल नसतं. तो पकडतो एक अख्खी वाहक लहर, आणि त्या एका लहरीवर दहा-पंधरा चॅनल एकत्र बांधून पाठवलेले असतात. केबलच्या ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट माहिती येते. उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉन्डरवरून (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावरून) तेवढीच किंवा थोडी जास्त. साध्या चित्राच्या एका चॅनलला तीन-चार मेगाबिट पुरतात. ही वाहक लहर म्हणजे विदर्भ एक्सप्रेस समजा, आणि चॅनल म्हणजे तिचे डबे. ट्यूनर फलाटावर गाडी आणून उभी करतो. कुठल्या डब्यात चढायचं ते ट्यूनरच्या पुढची चिप ठरवते. रिमोटवर तुम्ही चॅनल बदलता तेव्हा कधी गाडी बदलते, कधी नुसता डबा. त्याच गाडीतला डबा असेल तर चित्र पटकन येतं. दुसरी गाडी असेल तर क्षणभर पडदा काळा राहतो. आज घरी रिमोट घेऊन हे बघा, फरक लक्षात येईल.

एवढं मनात बसलं की रेकॉर्डिंगचं कोडं सुटतं. हवी असलेली दोन्ही चॅनल एकाच गाडीत असतील, तर एकाच ट्यूनरवर एक बघता येतं आणि दुसरं साठवता येतं. कॉम्प्युटरला उपग्रहाचा ट्यूनर लावून टीव्हीहेडएंडसारखी मोफत प्रणाली चालवली तर त्या लहरीवरची सगळी उघडी चॅनल एकाच वेळी डिस्कवर उतरवता येतात, एका ट्यूनरवर. पण चॅनल दोन वेगळ्या गाड्यांत असतील तर दुसरा ट्यूनर हवाच. त्याला कुठलीही सेटिंग उपयोगी पडत नाही. टीव्हीच्या डब्याच्या (सेट-टॉप बॉक्सच्या) माहितीच्या पानावर चॅनलची फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. दोन्ही चॅनलची फ्रिक्वेन्सी आणि ध्रुवण (लहर उभी की आडवी, व्ही की एच) सारखं असेल तर गाडी एकच.

आता ट्यूनरचे प्रकार. हवेतून येणारा जमिनीवरचा सिग्नल, केबलमधून येणारा आणि उपग्रहावरून येणारा, या तिन्हींची बांधणी वेगळी. जमिनीवरच्या सिग्नलला इमारतींवर आपटून येणारे प्रतिध्वनी सोसावे लागतात, म्हणून तो हजारो बारीक वाहकांत विभागून पाठवतात. केबलमध्ये गोंगाट कमी, म्हणून तिथे माहिती दाटीनं भरतात. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, सिग्नल अगदी क्षीण, म्हणून तिथे सावध, धिम्या पद्धतीनं पण रुंद पट्ट्यात पाठवतात. त्यामुळे एकासाठीचा ट्यूनर दुसऱ्याला चालत नाही, सॉकेट जुळलं तरीही.

तुमच्या भावानं आणलेला ट्यूनर इथेच अडतो. अमेरिकेत जमिनीवरच्या प्रक्षेपणाची पद्धत एटीएससी आहे, आपल्याकडे डीव्हीबी. तो ट्यूनर नागपुरात आयुष्यभर शोध घेत बसला तरी एकही चॅनल सापडणार नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ज्या छोट्या यूएसबी काड्या असतात त्यांतल्या बऱ्याच डीव्हीबी-टी या जुन्या पद्धतीच्या असतात, आणि दूरदर्शननं २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत डिजिटल जमिनी प्रक्षेपण सुरू केलं ते डीव्हीबी-टी२ आहे. त्या १६ शहरांत महाराष्ट्रातली मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होती, नागपूर नव्हतं. म्हणून इथे बसून त्या काड्यांवर पैसे घालवू नका.

नव्या टीव्हीच्या खोक्यावरचं ‘डिजिटल ट्यूनर’ हे शब्दही अपुरे आहेत. मॅन्युअलमध्ये डीव्हीबी-टी२ (जमिनीवरचा), सी (केबलचा) आणि एस२ (उपग्रहाचा) यांतलं काय काय लिहिलंय ते बघा. एस२ असेल तरच छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते. टीव्हीतच उपग्रह ट्यूनर असावा यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १८११२ हे मानकही आलं आहे. उघडी चॅनल बघायला वेगळा डबा लागू नये हा त्यामागचा हेतू. नुसतं सी असेल तर केबलची वायर लावून शोध घेतल्यावर चॅनलची नावं दिसतील, पण चित्र येणार नाही. केबलवरची चॅनल कुलूपबंद असतात आणि किल्ली केबलवाल्याच्या डब्यात, कार्डात. ट्यूनर सिग्नल पकडतो, पण उघडू शकत नाही. पकडणं आणि उघडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘सिग्नल तर शंभर टक्के दाखवतो, मग चॅनल का नाही’ या रोजच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

आता छत्रीकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नागपुरातलं निम्मं खराब रेकॉर्डिंग डब्यामुळे होतं असं लोकांना वाटतं, आणि असतं ते गच्चीवरून.

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते. हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. नागपूर ७९ अंशांवर, म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेकडे कललेला. हिशोब मांडला तर नागपुरातून तो उत्तरेपासून साधारण १४५ अंशांवर दिसतो, म्हणजे आग्नेयेच्याही जरा दक्षिणेला, आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. उंची चांगली आहे. छत्री मात्र एवढी वर बघताना दिसत नाही, कारण या छत्र्या तिरक्या कापाच्या असतात; सिग्नल त्यांच्या तोंडाच्या सरळ रेषेत न येता वीस-पंचवीस अंश वरून येतो. पुष्कळ लोक ‘छत्री खालीच बघतेय’ म्हणून ती वर वाकवतात आणि होता तो सिग्नलही घालवतात.

साठ अंशांचा फायदा मोठा आहे. समोरची भिंत छत्रीपेक्षा १० फूट उंच असेल आणि छत्री तिच्यापासून ६ फुटांहून जास्त लांब असेल, तर ती भिंत आड येत नाही. म्हणजे शेजारी मजला चढला म्हणून घाबरायचं कारण नाही, छत्री चार पावलं मागे घेतली तरी भागतं. खरी अडचण कडुनिंबाची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेली असताना छत्री बसवली, सगळं उत्तम. एप्रिलमध्ये पालवी फुटली, जूनमध्ये ती ओली झाली, आणि सिग्नल गेला.

आड काय येतं हे तपासायला एक पद्धत आहे, आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. आपल्याकडे ती वेळ सकाळी अकराच्या आसपासची. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं, कारण सूर्याचा गोंगाट सरळ छत्रीत उतरतो. तो बिघाड नाही, आपोआप जातो. पण त्याच वेळी गच्चीवर जाऊन छत्रीच्या ताटलीकडे बघा. एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल घेणारा छोटा डबा) आणि त्याची दांडी सोडून दुसऱ्या कशाचीही सावली तिच्यावर पडली असेल, फांदीची, टाकीची, पाइपची, तर तीच वस्तू वर्षभर तुमच्या सिग्नलच्या आड येते आहे.

छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो तोही एक अर्धा ट्यूनरच आहे. उपग्रहाची ११ हजार मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर साध्या वायरमधून खाली आणता येत नाही, वाटेतच विरून जाते. म्हणून एलएनबी तिच्यातून ९७५० वजा करतो: ११०९० आली तर खाली १३४० मेगाहर्ट्झ उतरते. तुमच्या लक्षात आलं असेल, मघाचीच मिसळण्याची युक्ती, फक्त गच्चीवर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एलएनबी फ्रिक्वेन्सी विचारतात ती याचसाठी. फ्री डिशसाठी साधा युनिव्हर्सल एलएनबी असेल तर ९७५०/१०६०० हा पर्याय निवडा. आकडा चुकला तर टीव्ही भलत्याच ठिकाणी शोधत बसतो आणि लोक छत्री हलवायला धावतात.

त्याच वायरमधून डबा वर वीजही पाठवतो. १३ व्होल्ट गेले तर एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या लहरी घेतो, १८ गेले तर आडव्या. आणि २२ किलोहर्ट्झचा सूर दिला तर वरचा पट्टा. म्हणून एका एलएनबीची वायर साध्या स्प्लिटरनं दोन डब्यांना वाटली की भांडण होतं: एक डबा १३ मागतो, दुसरा १८, आणि एकाचा चॅनल दुसऱ्यानं बदलल्यासारखा गायब होतो. दोन ट्यूनर हवे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि खाली येणाऱ्या दोन स्वतंत्र वायरी. दोन ट्यूनरचे रेकॉर्डर बसवताना दोन वायरी ओढाव्या लागतात त्या यामुळेच.

डब्याच्या मेनूत सिग्नलच्या ज्या दोन पट्ट्या दिसतात त्यांपैकी स्ट्रेंथकडे फार लक्ष देऊ नका, क्वालिटी बघा. स्ट्रेंथ म्हणजे वायरमधून काहीतरी येतंय एवढंच. त्यात गोंगाटही मोजला जातो. स्ट्रेंथ ऐंशी आणि क्वालिटी शून्य, याचा अर्थ छत्री चुकीच्या ठिकाणी बघतेय किंवा आकडे चुकलेत. डिजिटल चित्र क्वालिटी घसरत असतानाही शेवटपर्यंत झकास दिसतं, मग एकदम चौकोन पडतात आणि पडदा काळा. रेकॉर्डिंगसाठी हे घातक, कारण तुम्ही समोर नसता. जुलैमध्ये आग्नेयेकडून काळं आभाळ चढलं की काही मिनिटं सिग्नल जाणारच, कारण या फ्रिक्वेन्सीवर पावसाचे थेंब लहर शोषतात. कोरड्या हवेत क्वालिटी जितकी चढवून ठेवाल तितकी ती मिनिटं कमी. एलएनबीचा बोल्ट किंचित सैल करून तो जागच्या जागी घड्याळाच्या काट्यासारखा थोडा फिरवून बघा. लोक छत्री फिरवतात, एलएनबीचा पीळ कोणी बघत नाही, आणि पुष्कळदा सुधारणा तिथेच मिळते.

आणि वायरचं टोक. एफ कनेक्टर (वायरच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) काढून बघा. मधली तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर असावी, चकचकीत असावी, आणि वायरच्या आवरणाखालच्या जाळीचा एकही केस तिला लागलेला नसावा. लागला तर ‘एलएनबी शॉर्ट’ असा संदेश येतो. हे करताना डबा बंद ठेवा. तार हिरवी-काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. टोक कापून नवा कनेक्टर लावा आणि वायरला एलएनबीजवळ खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून टपकेल. आपल्या मे महिन्याच्या उन्हात स्वस्त वायरीचं आवरण तडकतं आणि पहिल्या पावसात त्यातून पाणी आत जातं. सेमिनरी हिल्स, फुटाळ्याच्या बाजूला माकडं छत्रीवर बसतात, तिथे दांडीला मागून एक आधार द्यावा लागतो.

आता रेकॉर्डिंग. डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे चित्र पुन्हा काढणं नसतं. हवेतून जे आकडे आले तेच जसेच्या तसे डिस्कवर लिहिणं, एवढंच. म्हणून त्याला प्रोसेसर लागत नाही आणि दर्जाही तसूभर कमी होत नाही. हे आकडे १८८ बाइटच्या तुकड्यांत येतात. रेकॉर्ड झालेली .टीएस फाइल एखाद्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा: पहिला बाइट ४७, मग १८८ बाइटनंतर पुन्हा ४७, पुन्हा ४७, शेवटपर्यंत. प्रत्येक तुकड्यावर तो कुठल्या प्रवाहाचा आहे त्याचा नंबर असतो. सह्याद्रीच्या चित्राचा एक, आवाजाचा दुसरा. डबा फक्त हव्या त्या नंबरचे तुकडे वेचून घेतो.

या रचनेचा आपल्याला मोठा उपयोग आहे. मध्येच लाइट गेली तरी तिथपर्यंतची .टीएस फाइल चालते, कारण प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण असतो. एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. वीज गेली की सगळी फाइल हातची जाते. म्हणून डबा पर्याय देत असेल तर टीएस ठेवा.

जागेचा हिशोब सोपा आहे. चार मेगाबिटचं चॅनल तासाला १.८ जीबी घेतं. आठ मेगाबिटचं एचडी ३.६. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही; काही डबे आपोआप तुकडे करतात, काही थांबतात. लांब कार्यक्रम असेल तर आधी हे तपासा. फिरती हार्ड डिस्क लावली आणि टकटक आवाज येऊ लागला, तर डब्याच्या पोर्टला तेवढी वीज देता येत नाहीये; स्वतःच्या ॲडॉप्टरची डिस्क वापरा किंवा सरळ पेन ड्राइव्ह.

टीव्हीच्या आत यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असली तरी माझा सल्ला वेगळा डबा घेण्याचा आहे. टीव्ही बहुधा रेकॉर्डिंग स्वतःच्या किल्लीनं बंद करून ठेवतो. ते दुसऱ्या टीव्हीवर किंवा कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि टीव्ही बिघडला की रेकॉर्डिंगही गेलं. डीटीएच कंपन्यांच्या रेकॉर्डरचंही तेच. फ्री डिशचा यूएसबीवाला डबा उघड्या चॅनलची साधी फाइल करतो. घेताना तो एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) आणि डीव्हीबी-एस२ वाला आहे याची खात्री करा. जुन्या एमपीईजी-२ डब्याला त्या छत्रीवरची सगळी चॅनल दिसत नाहीत.

तुमच्या घरची जुळवणी मग अशी: छत्रीची वायर फ्री डिशच्या डब्याला, त्यात पेन ड्राइव्ह. केबलचा डबा टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला. सकाळी फ्री डिशचा डबा सह्याद्री साठवत राहील आणि घरातले बाकीचे केबलवर हवं ते बघतील, टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग होत राहील. दोन ट्यूनर, दोन वाटा, भांडण नाही.

केबलवरचंच एखादं चॅनल साठवायचं असेल तर केबलच्या डब्याच्या एव्ही पिना तुमच्या जुन्या कार्डाच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल इनपुटला जोडा. कार्डाचा ट्यूनर बाद झालाय, चित्र घेणारी चिप नाही. चित्र साध्या दर्जाचं येईल, आणि रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत केबलचा डबा त्याच चॅनलवर ठेवावा लागेल. काही डब्यांच्या एव्हीवरही नक्कल-रोधक असतो, तेव्हा आधी पाच मिनिटांची चाचणी घ्या. एचडीएमआयमधून घ्यायला जाल तर पडदा काळा येईल, ते कुलूप मुद्दाम घातलेलं आहे. आणि हे सगळं घरच्या घरी बघण्यापुरतंच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला जागा आहे. यूट्यूबवर चढवायला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर वाटायला नाही.

टायमर लावताना तीन गोष्टी सांभाळा. डब्याचं घड्याळ सिग्नलमधून येतं, पण त्यात टाइम झोन +५:३० निवडलेलं नसेल तर सकाळी सातचं रेकॉर्डिंग दुपारी साडेबाराला सुरू होईल किंवा होणारच नाही. दुसरं, रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्या घरांतली सवय. डबा रिमोटनं झोपवा, बटण चालू राहू द्या. वीज नसलेला डबा जागा होत नाही. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या, त्याला वीज फारशी लागत नाही. तिसरं, कार्यक्रमाच्या आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची धरा. थेट प्रक्षेपण लांबलं की मागचे सगळे कार्यक्रम सरकतात आणि आईच्या कीर्तनाचा शेवटच नेमका कापला जातो.

आईच्या ओळखीचं, घरचं कोणी एखाद्या कार्यक्रमात दिसलं असेल, तर ती फाइल पेन ड्राइव्हवर पडू देऊ नका. पेन ड्राइव्ह सांगून बिघडत नाही. त्याच दिवशी कॉम्प्युटरवर आणि आणखी एका डिस्कवर उतरवा, .टीएस तशीच ठेवून. अशा रेकॉर्डिंगसाठी हळहळणारी माणसं माझ्याकडे येतात, आणि तेव्हा मला काही करता येत नाही.

टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये एस२ लिहिलंय का, छत्रीच्या एलएनबीला एक तोंड आहे की दोन, आणि सध्या क्वालिटी किती दिसते, हे बघून कळवा. एलएनबीला दोन तोंडं असतील तर आईच्या खोलीतल्या टीव्हीलाही त्याच छत्रीवरून दुसरी वायर देता येईल.